गव्हर्नरचं तिकीट कोण देतं? मिशिगनच्या निवडणुकांची गोष्ट

२०१८ च्या जुलैत सांगलीहून आत्याचा फोन आला, तेव्हा अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी नमुना मतपत्रिका पसरून बसले होते. ऑगस्टमध्ये मतदान होतं.

"आता कसली गं निवडणूक तुमच्याकडे?" आत्याने विचारलं.

"गव्हर्नरची."

"गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना? राज्यपालाची कुठे निवडणूक असते? त्यांना दिल्लीहून नेमतात."

आत्याची सगळी नोकरी शाळेत नागरिकशास्त्र शिकवण्यात गेली. तिच्या पुस्तकाप्रमाणे ती बरोबरच बोलत होती. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि कारभार मुख्यमंत्री बघतात. अमेरिकेत ही दोन्ही पदं एकाच माणसात एकवटलेली असतात, आणि त्या माणसाला लोक थेट मत देऊन निवडतात. एवढं सांगून फोन ठेवता आला असता. पण आत्याचा पुढचा प्रश्न खरा होता: "मग त्या माणसाला तिकीट कोण देतं?" त्या दिवशी मला तिला नीट सांगता आलं नाही. पुढची काही वर्षं इथल्या निवडणुका जवळून बघितल्यावर जे उमगलं, ते आता लिहिते आहे.

आधी गव्हर्नरच्या हातात काय असतं ते बघू. मुख्यमंत्र्यांना विधानसभेत बहुमत टिकवावं लागतं, आमदार फुटले की सरकार पडतं. गव्हर्नरला ती धास्ती नाही. मिशिगनमध्ये चार वर्षांसाठी निवडून आला की विधिमंडळात विरोधकांचं बहुमत असलं तरी तो खुर्चीवर राहतो. डेमोक्रॅट पक्षाच्या ग्रेचेन व्हिटमर २०१९ मध्ये गव्हर्नर झाल्या, तेव्हा पहिली चार वर्षं दोन्ही सभागृहं विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या ताब्यात होती. अर्थसंकल्पावरून खटका उडाला आणि २०१९ च्या सप्टेंबरअखेर त्यांनी त्यातल्या १४७ तरतुदींवर काट मारली. अख्खं विधेयक परत न पाठवता त्यातली नको ती ओळ तेवढी खोडायची, असा हा अधिकार आहे. त्याला इथे लाइन-आयटम व्हेटो म्हणतात.

गव्हर्नरच्या ताकदीची दुसरी बाजू मिशिगनमधल्याच फ्लिंट शहराने भोगली. शहराची तिजोरी रिकामी झाली की लोकनियुक्त महापौर आणि नगरसेवकांचे अधिकार काढून घेऊन राज्याने नेमलेल्या माणसाकडे कारभार द्यायचा, असा कायदा मिशिगनमध्ये होता. त्या माणसाला इमर्जन्सी मॅनेजर म्हणत. आपल्याकडे पालिका बरखास्त करून प्रशासक बसवतात, तशातलाच प्रकार. २५ एप्रिल २०१४ रोजी पैसे वाचवण्यासाठी फ्लिंटचं पाणी डेट्रॉइटच्या जुन्या पुरवठ्यावरून तोडून फ्लिंट नदीवर जोडलं गेलं, तेव्हा शहराचा कारभार अशाच मॅनेजरकडे होता. पाण्यावर जी रासायनिक प्रक्रिया करायला हवी होती ती झाली नाही. जुन्या नळांमधलं शिसं पाण्यात उतरलं आणि साधारण एक लाख वस्तीच्या गावात लहान लेकरांच्या पोटात गेलं. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना फ्लिंटच्या कुणी मत दिलं नव्हतं, आणि त्यांना नेमण्याची ताकद गव्हर्नरच्या कचेरीत होती. गव्हर्नर कोण होतो याने आपल्या घरात काय फरक पडतो, असं इथे राहणारी आपलीच माणसं विचारतात तेव्हा मला प्रत्येक वेळी फ्लिंटचे नळ आठवतात.

आता तिकिटाकडे येते.

महाराष्ट्रात निवडणूक आली की एबी फॉर्मची पळापळ आपण सगळ्यांनी बघितली आहे. अर्ज भरण्याची मुदत संपायला तासभर उरलेला असतो, उमेदवार कार्यालयाबाहेर ताटकळत असतो आणि वरून फॉर्म कुणाच्या नावाने येतो त्यावर त्याचं नशीब ठरतं. ज्याचं नाव त्या कागदावर, तो पक्षाचा. बाकीचे बंडखोर किंवा नाराज. मिशिगनमध्ये गव्हर्नरपदासाठी असा फॉर्म कुणीच देऊ शकत नाही, पक्षाचा राज्याध्यक्षसुद्धा नाही. रिपब्लिकन उमेदवार कोण आणि डेमोक्रॅट उमेदवार कोण, हे ठरवायला ऑगस्टमध्ये सरकारी खर्चाने, सरकारी केंद्रांवर, गुप्त मतदानाने एक पूर्ण निवडणूक होते. ती प्रायमरी. त्यात जिंकलेले दोघे नोव्हेंबरमध्ये एकमेकांसमोर उभे राहतात. म्हणजे एबी फॉर्म मतदाराच्या खिशात असतो.

कुठल्या मतदाराच्या? इथे राज्याराज्यांत फरक आहे. काही राज्यांत आधी पक्षाच्या यादीत नाव नोंदवावं लागतं आणि मग फक्त त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. मिशिगनमध्ये तशी नोंदणीच नाही. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे स्तंभ शेजारी शेजारी छापलेले असतात. कुठल्या पक्षाच्या स्तंभात मत द्यायचं हे पडद्याआड तुम्हीच ठरवायचं, कुणाला सांगायचं नाही. पण एकदा स्तंभ निवडला की शेवटपर्यंत त्याच स्तंभात राहायचं. वर गव्हर्नरसाठी एका पक्षाचा गोल भरला आणि खाली काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, दुसऱ्या पक्षाचा, की पक्षांच्या भागातलं तुमचं सगळं मतदान बाद.

ओळखीतल्या एका काकांचं नेमकं हेच झालं. नागरिकत्व मिळाल्यानंतरची त्यांची पहिलीच प्रायमरी होती. एका पक्षाचा एक माणूस आवडला, दुसऱ्या पक्षाचा दुसरा, म्हणून त्यांनी काळ्या पेनाने दोन्हीकडचे गोल अगदी निगुतीने भरले. यंत्रात कागद सरकवला तर यंत्राने तो परत बाहेर काढला. केंद्रावरच्या बाईंनी शांतपणे समजावलं, जुनी पत्रिका रद्द केली आणि नवी हातात दिली. काकांचं मत वाचलं ते केंद्रावर गेले म्हणून. हीच चूक टपालाने पाठवलेल्या पत्रिकेत झाली असती, तर ती दाखवून द्यायला समोर कुणी नसतं. नोव्हेंबरला मात्र ही अट नसते. तेव्हा वरपासून खालपर्यंत हवं त्या पक्षाच्या हवं त्या माणसाला मत देता येतं, आणि गोंधळ होतो तो यामुळेच.

मिशिगनमध्ये एका माणसाला आयुष्यात दोनदाच गव्हर्नर होता येतं. रिक स्नायडर यांच्या दोन खेपा २०१८ मध्ये संपत होत्या, म्हणून त्या वर्षी दोन्ही पक्षांत तिकिटासाठी झुंज झाली. डेमोक्रॅटांकडून तिघं उभे होते. ग्रेचेन व्हिटमर विधिमंडळात वर्षानुवर्षं काम केलेल्या, राज्याच्या सिनेटमध्ये पक्षाच्या नेत्या राहिलेल्या. डॉक्टर अब्दुल एल-सय्यद डेट्रॉइटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख, तिशीतले, डाव्या विचारांचे, पाठीशी डाव्यांचे राष्ट्रीय नेते बर्नी सँडर्स. आणि तिसरे आपले श्री ठाणेदार.

'आपले' म्हणताना मी हात आखडता घेत नाही. बेळगावात वाढलेला, घरच्या गरिबीतून शिकलेला, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून १९७९ मध्ये अमेरिकेत आलेला, इथे पीएच.डी. आणि मग उद्योग उभा केलेला हा माणूस मराठी वाचकांना त्याच्या आत्मचरित्रामुळे आधीपासून ओळखीचा होता. तो एका अमेरिकन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहतो, हे बघून आमच्या गणपतीत आणि दिवाळीच्या फराळात दुसरा विषय नव्हता.

ठाणेदारांनी पदरचे एक कोटी डॉलरच्या वर ओतले. बाकीच्यांच्या खूप आधी त्यांच्या जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. वसंत ऋतूत काही जनमत चाचण्यांमध्ये ते व्हिटमर यांच्या बरोबरीने किंवा पुढेही दिसत होते. मग स्पर्धा तापली. ते मुळात खरे डेमोक्रॅट आहेत का, असा प्रश्न विरोधकांनी लावून धरला आणि त्यांनी तो आरोप फेटाळला. ७ ऑगस्टला निकाल लागला: व्हिटमर ५२ टक्के, एल-सय्यद ३० टक्के, ठाणेदार जवळपास १८ टक्के. त्यांना दोन लाखांच्या आसपास मतं मिळाली. खर्चाला मतांनी भागलं तर एका मतामागे साधारण पन्नास डॉलर पडले.

या आकड्याकडे मी बरेच दिवस बघत होते. नावाची ओळख पैशाने होते, हे खरंच. कुणाला ठाऊक नसलेलं, उच्चारायला अवघड वाटणारं मराठी नाव चार-सहा महिन्यांत राज्यभर पोहोचलं. पण प्रायमरीत मत द्यायला येणारा माणूस वेगळा असतो. ऑगस्टच्या उन्हात, शाळांना सुट्टी असताना, निम्मं राज्य तळ्याकाठी गेलेलं असताना जो आवर्जून केंद्रावर येतो, तो पक्षाच्या कामात असतो, युनियनचा असतो, चर्चच्या गटातला असतो. उमेदवाराला तो दहा-पंधरा वर्षं बघत आलेला असतो. व्हिटमर यांनी २०१७ च्या जानेवारीतच उमेदवारी जाहीर करून गावोगावच्या अशा माणसांची दारं ठोठावली होती. बहुतेक मोठ्या कामगार संघटना त्यांच्यामागे होत्या. जाहिरात घरात पोहोचते, पण त्या घरातल्या माणसाला उठवून केंद्रापर्यंत आणायला दुसरा माणूस लागतो. ठाणेदारांनी हे ओळखलं असावं असं मला वाटतं, कारण पुढे ते डेट्रॉइटमध्ये राहायला गेले, २०२० मध्ये तिथून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले आणि २०२२ मध्ये थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये. त्याही जागांचं तिकीट त्यांनी ऑगस्टच्या प्रायमरीतच जिंकलं.

रिपब्लिकन बाजूला राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, बिल शूटी आणि उपगव्हर्नर ब्रायन कॅली अशी मुख्य लढत होती. मावळते गव्हर्नर कॅलींच्या बाजूने, ट्रम्प शूटींच्या बाजूने. शूटींना निम्म्याहून जास्त मतं पडली, कॅली पाव हिश्श्यावर थांबले. नोव्हेंबरमध्ये व्हिटमर यांनी शूटींना साडेनऊ टक्क्यांच्या फरकाने हरवलं.

त्या ऑगस्टला दोन्ही पक्ष मिळून एकवीस लाखांहून जास्त मतं पडली. मिशिगनच्या मानाने तो विक्रम होता. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरसाठी पडलेली मतं बेचाळीस लाखांच्या घरात होती. विक्रमी वर्षातसुद्धा नोव्हेंबरच्या निम्म्याच माणसांनी तिकीट ठरवलं. उरलेल्या निम्म्यांनी दुसऱ्यांनी निवडलेल्या दोघांमधून एक उचलला. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं या दुसऱ्या निम्म्यात आहेत. नोव्हेंबरला रांगेत उभं राहून फोटो टाकणारी माणसं ऑगस्टला 'ती काही खरी निवडणूक नाही' म्हणतात, आणि मला ते मनापासून टोचतं.

आता या व्यवस्थेतली सगळ्यात कमी बोलली जाणारी पायरी. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव छापून यायचं तर काय करावं लागतं? मिशिगनमध्ये गव्हर्नरच्या उमेदवाराला किमान १५,००० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. त्यातल्या काही बाद होणार हे गृहीत धरून लोक वीस-बावीस हजार गोळा करतात. हे काम बहुतेक वेळा भाड्याने दिलेलं असतं. दुकानांच्या बाहेर, जत्रांमध्ये, वाचनालयाच्या दारात पॅड घेऊन उभी असलेली माणसं सहीमागे पैसे घेतात.

२०२२ मध्ये व्हिटमर यांच्याविरुद्ध उभं राहायला दहा रिपब्लिकन पुढे आले. त्यात सगळ्यात पुढे होते डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग. पैशाने बळकट होते उद्योजक पेरी जॉन्सन. मे महिन्यात निवडणूक विभागाने सह्यांचे गठ्ठे तपासले आणि स्फोट झाला. क्रेग यांच्या २१,३०५ सह्यांपैकी १०,१९२ च खऱ्या धरल्या गेल्या. जॉन्सन यांच्या २३,१९३ पैकी १३,८००. दोघंही पंधरा हजारांच्या खाली. छत्तीस सही-गोळा करणाऱ्यांनी अनेक उमेदवारांसाठी मिळून हजारोंनी खोट्या सह्या केल्याचं विभागाच्या अहवालात होतं.

त्या सह्या कशा पकडल्या, हे सांगण्यासारखं आहे. सहीच्या कागदावर एकाखाली एक ओळी असतात. खऱ्या कागदावर प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं, कुणी घाईत, कुणी तिरकं, कुणी पत्ता चुकवून खोडलेला, कागदाला घड्या, उन्हापावसाचे डाग. या गठ्ठ्यांमधले काही कागद कोरे करकरीत होते आणि पानांमागून पानं त्याच त्या वळणाची अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. याला इथे 'राउंड टेबलिंग' म्हणतात: चारपाच जण टेबलाभोवती बसतात, कागद फिरवत राहतात आणि प्रत्येक जण एकेक ओळ भरतो, म्हणजे लागोपाठच्या दोन ओळी एका हातच्या दिसत नाहीत. नावं मतदारयादीतून उचललेली. पण यादी जुनी असावी, कारण त्यातली काही माणसं सही करण्याच्या कितीतरी आधी वारलेली निघाली.

मग प्रकरण राज्याच्या कॅनव्हासर मंडळाकडे गेलं. कुणाचं नाव पत्रिकेवर चढवायचं यावर तेच शिक्कामोर्तब करतं. चार सदस्य, दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. मतं दोन विरुद्ध दोन पडली. बरोबरी झाली म्हणजे नाव मतपत्रिकेवर चढवण्याचा ठराव नापास. उमेदवार कोर्टात गेले, पण कोर्टाने दिलासा दिला नाही. दहातले पाच उरले.

उमेदवारांनी स्वतः खोट्या सह्या केल्या असं विभागाने म्हटलेलं नव्हतं. त्यांनी कंत्राट दिलं होतं आणि कंत्राटी माणसांनी त्यांना बुडवलं. तरीही मला मंडळाचं बरोबर वाटतं. ज्या राज्यात एबी फॉर्म देणारा कुणी साहेब नाही, तिथे दारातली तपासणी तरी कडक हवी. पंधरा हजार खऱ्या माणसांनी 'हा उभा राहू दे' म्हणणं, एवढंच त्या दारात मागितलं जातं.

उरलेल्या पाचांतून ट्यूडर डिक्सन साधारण ४० टक्के मतं घेऊन जिंकल्या. मतदानाच्या काही दिवस आधी ट्रम्प यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला होता. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते. ज्याला सगळ्यात जास्त मतं, तिकीट त्याचं, मग साठ टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला मत दिलेलं का असेना. आपल्याकडे चौरंगी लढतीत असंच होतं, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावायला नको. नोव्हेंबरमध्ये व्हिटमर यांनी त्यांना साडेदहा टक्क्यांनी हरवलं.

त्याच वर्षी त्याच राज्यात तिकीट देण्याची दुसरी रीतही बघायला मिळाली. मिशिगनमध्ये गव्हर्नर प्रायमरीतून ठरतो, पण ॲटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुका सांभाळणारं पद) या दोन मोठ्या पदांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. तिथे सामान्य मतदार नसतो, प्रतिनिधी असतात, काही हजार. एप्रिल २०२२ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या अधिवेशनात रिपब्लिकन प्रतिनिधींनी मॅथ्यू डिपर्नो आणि क्रिस्टिना कॅरामो यांना पसंती दिली. २०२० ची निवडणूक ट्रम्पकडून चोरली गेली, असं म्हणत दोघं पुढे आले होते. सभागृहात टाळ्या मिळाल्या, पण नोव्हेंबरमध्ये दोघंही हरले, आणि कॅरामो तर डिक्सन यांच्याहून मोठ्या फरकाने. एका निवडणुकीवरून नियम काढू नये, हे मान्य. पण खोली जितकी लहान, तितका आतला आवाज मोठा वाटतो, आणि बाहेर पंचेचाळीस लाख मतदार वाट बघत असतात हे आतल्यांना जाणवत नाही.

२०२६ मध्ये व्हिटमर यांच्या दोन खेपा संपतात. पुन्हा खुर्ची मोकळी, आणि प्रायमरी ४ ऑगस्टला. या वेळी गंमत वेगळी आहे. बारा वर्षं डेट्रॉइटचे महापौर राहिलेले, आयुष्यभराचे डेमोक्रॅट माइक डगन यांनी डिसेंबर २०२४ मध्येच अपक्ष लढणार असं जाहीर केलं. अपक्षाला प्रायमरी लागत नाही. त्याने सह्या आणायच्या आणि थेट नोव्हेंबरच्या पत्रिकेवर यायचं.

डगन यांना हे दार आधीपासून ओळखीचं आहे. २०१३ मध्ये महापौरपदासाठी त्यांनी अर्ज भरला, तेव्हा शहरात मतदार म्हणून वर्ष पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. मुदत संपायला अजून वेळ होता, ते थांबले असते तर काहीच अडलं नसतं. पण अर्ज लवकर भरला, आणि कोर्टाने त्यांचं नाव पत्रिकेवरून काढायला लावलं. मग त्यांनी राइट-इनची मोहीम चालवली. पत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखाली एक कोरी ओळ असते. मतदाराने त्यात स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. विरोधात जवळजवळ त्याच नावाचा आणखी एक माणूसही राइट-इन म्हणून उतरवला गेला. नामसाधर्म्याचा उमेदवार आपल्याकडेच असतो असं मी तोवर समजत होते. डेट्रॉइटच्या हजारो लोकांनी पेन उचललं, एकेक अक्षर लिहिलं आणि प्रायमरीत डगन पहिले आले. क्रेग यांनीही २०२२ मध्ये सह्या बाद झाल्यावर हाच मार्ग धरला, पण त्यांच्यासाठी तेवढी माणसं लिहायला आली नाहीत.

हे आत्याला सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तिथे नाव छापलेलं नसलं तरी लोक हाताने लिहून तिकीट देतात?"

"हो आत्या. स्पेलिंग थोडं चुकलं तरी चालतं."